डाएट सोडा

डाएट सोडा हे साखरेऐवजी ॲस्पार्टेम, सुक्रालोज यांसारखी कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये वापरून तयार केलेले शीतपेय आहे. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्याने ते अत्यल्प प्रमाणात पुरते. परिणामी या पेयात उष्मांक जवळजवळ नसतात.

आरोग्यावरील परिणाम

निरीक्षणात्मक अभ्यासांत डाएट सोड्याचे नियमित सेवन आणि मधुमेह (प्रकार २) व हृदयविकार यांचा संबंध आढळला आहे. मात्र वजन वाढलेल्या व्यक्तीच अशा पेयांकडे अधिक वळतात; त्यामुळे यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. वजन नियंत्रणासाठी अशी द्रव्ये वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. ती मधुमेही व्यक्तींना लागू नाही.

जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मर्यादित पुराव्याच्या आधारे ॲस्पार्टेमला ‘संभाव्य कर्करोगकारक’ (गट २ब) ठरवले. हे वर्गीकरण पुराव्याचे बळ दर्शवते, धोक्याचे प्रमाण नव्हे. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे प्रतिदिन ४० मिलिग्रॅम ही सेवनमर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. ७० किलोग्रॅम वजनाच्या प्रौढाला ती ओलांडण्यासाठी दररोज ९ ते १४ पेक्षा अधिक डबे प्यावे लागतील.

साखर नसली तरी पेयातील फॉस्फरिक व सायट्रिक आम्लांमुळे दातांवरील एनॅमल झिजू शकते. फिनाइलकीटोन्युरिया या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांनी ॲस्पार्टेम टाळणे आवश्यक असते, कारण त्यापासून शरीरात फिनाइलॲलॅनीन तयार होते.