सूचना काढावी, पण वाचून

नवी मोटार दारात आली की तिच्यावरील प्लास्टिकची वेष्टने काढण्याची घरात लगबग उडते. त्याच ओघात सनव्हायझरवरील एअरबॅगच्या सूचनेकडेही हात जातो. कापडी व्हायझरवरून स्टिकर ओरबाडले, तर धागे निघतात आणि डाग कायमचा राहतो.

घाई टाळावी. हेअर ड्रायर मंद उष्णतेवर, वीतभर अंतरावरून मिनिटभर फिरवावा. गोंद सैल झाला की कोपरा नखाने उचलून स्टिकर उलटे दुमडत, कापडालगत सावकाश ओढावे. अडले तर पुन्हा ऊब द्यावी; ब्लेड लावू नये. उरलेल्या चिकट्यासाठी ड्रायर बंद करून, दारे उघडी ठेवून, पांढऱ्या फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. आधी ते न दिसणाऱ्या कडेला लावून पाहावे, मग टिपावे, घासू नये. द्रव थेट ओतल्यास आतील फोमपर्यंत मुरतो आणि कापड सुटून फुगू शकते. मजकूर कापडावरच छापलेला असेल, तर प्रयत्न सोडून द्यावा.

मात्र त्या सूचनेत शोभेहून मोठी गोष्ट असते. समोर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेले बाळाचे आसन पुढे कधीही ठेवू नये. क्षणार्धात फुगणाऱ्या एअरबॅगचा आघात थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत चालकाशेजारीही एअरबॅग सक्तीची झाली. नातवंडाला पुढे मांडीवर घेऊन बसण्याची सवय म्हणूनच मोडावी. बाळाची जागा मागच्या आसनावर. स्टिकर काढायचेच असेल, तर त्यावरील मजकूर आधी घरातील प्रत्येकाला आणि चालकालाही वाचून दाखवावा.