पोरगी गोटे शिकते

आमच्या गोंदिया जिल्ह्याची ओळख बाहेरच्या माणसाला करून द्यायची झाली, तर आम्ही तीन गोष्टी सांगतो : धान, तलाव आणि जंगल. चौथी गोष्ट पायाखालीच असल्यामुळे ती सांगायचे कोणाला सुचत नाही. आमगाव हे हावडा-नागपूर लोहमार्गावरचे एक साधे गाव. बाजाराच्या दिवशी गजबजते, एरवी सुस्त असते. पण भूशास्त्राच्या अभ्यासकांना ते ठाऊक असते. कारण या मुलुखाच्या पायाशी असलेल्या अतिप्राचीन खडकांना त्यांनी 'आमगाव नाइस' असे नाव दिले आहे. तिकडे सालेकसा-दरेकसाच्या डोंगरांत जो कठीण दगड पावलोपावली आढळतो, तो 'बिजली रायोलाइट'. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे. ज्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे गोडवे गाऊन आम्ही मराठीचे अध्यापक तास रंगवतो, तो पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे दरेकसाच्या मानाने कालचे पोर!

हे ज्ञान मला उपजत नव्हते. आमच्या महाविद्यालयाच्या कनिष्ठ विभागात सालेकसा तालुक्यातली एक मुलगी होती. गणितात पक्की, बोलायला अबोल. बारावीचा निकाल लागला आणि आठवड्याभरात तिचे वडील माझ्या दारात उभे राहिले. पाच एकर धानाची शेती, त्यातली निम्मी वरथेंबी. पायरीवरूनच त्यांनी विषयाला हात घातला.

"सर, पोरगी गोटे शिकाले नागपूरले जातो म्हणते जी. गोटे शिकून का भेटते?"

मराठीच्या मास्तरला हा प्रश्न का, असे मी विचारले. ते म्हणाले, "इंजिनेरचे सर इंजिनेर व्हा म्हणतेत, नर्सिंगवाल्या बाई नर्स व्हा म्हणतेत. तुम्हाले का विकाचं नाई, म्हणून तुमच्याकडं आलो."

माझ्या विषयाचा असा गौरव आजवर कोणी केलेला नाही. मी त्यांच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि चौकशीला लागलो.

पहिली चौकशी अर्थातच भाकरीची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ सालची. तिचे मध्य विभागाचे मोठे कार्यालय आमच्या नागपुरातच. तिथे भूशास्त्रज्ञ किंवा भूभौतिकशास्त्रज्ञ म्हणून शिरायचे तर संघ लोकसेवा आयोगाची वेगळी परीक्षा असते. आणि मेख अशी की, तिला नुसती बी.एस्सी. चालत नाही, एम.एस्सी. लागते. केंद्रीय भूजल मंडळात जलभूशास्त्रज्ञ व्हायचे, तरी वाट हीच. म्हणजे तीन वर्षे पदवीची, दोन वर्षे पुढची, मग परीक्षा आणि परीक्षेतले नशीब. हा हिशेब मी वडिलांना जसाच्या तसा सांगितला. मुलीच्या डोळ्यांत देखत पाणी आले. तिला वाटले, सर फितले. पण पाच एकरांच्या मालकाला अर्धा हिशेब सांगणे हे पाप आहे, असे माझे मत होते व आहे.

दुसरी चौकशी अशी की, हे लोक शिकतात तरी काय? पहिल्या वर्षी खनिजे. नखाने ओरखडा उठतो तो संगजिरे, कशानेच उठत नाही तो हिरा. मधल्या आठ पायऱ्या पाठ करायच्या. मग खडक : तापलेल्या रसापासून गोठलेले अग्निज, थराथरांनी साचलेले स्तरित, आणि दाबाने-उष्णतेने मूळ रूप पालटलेले रूपांतरित. खडकाची चकती घासून घासून मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी तीन भागांइतकी पातळ करतात. मग दगडातून उजेड आरपार जातो आणि विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली काळाकरडा धोंडा पैठणीसारखे रंग दाखवू लागतो. पुढे जीवाश्म, नकाशे, भूस्तरांचे कल आणि घड्या. आणि दरवर्षी पाठीवर पिशवी, हातात हातोडी, गळ्यात भिंग अडकवून रानोमाळ हिंडणे. मुलीच्या आईचा आक्षेप नेमका या हिंडण्याला होता. "जंगलात शेण-काड्या वेचत हिंडलीच ना मी," असे मुलीने उत्तर दिले म्हणे. सवालजवाब मी ऐकला नाही. पण यात तर्कशास्त्राची बाजू मुलीची होती.

हिंडून कळते काय, हे दरेकसाच्या दगडावरूनच सांगतो. सह्याद्रीचा बेसाल्ट आणि आमचा रायोलाइट ही दोन्ही ज्वालामुखीचीच अपत्ये. पण बेसाल्टच्या रसात सिलिका निम्म्याच्या आसपास. तो पातळ, कढीसारखा दूरवर पसरतो आणि एकावर एक थर बसतात. रायोलाइटच्या रसात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर. तो पिठल्यासारखा घट्ट, धड वाहत नाही, आतल्या वायूला वाट देत नाही. मग स्फोट होतो, राख उडते. हजरा धबधब्याजवळ आज सहली जातात, डबे उघडले जातात. त्या डोंगरांच्या जन्माच्या वेळी तिथे कोण डबा उघडून बसला असता, याची कल्पना करावी! १९५७-५८ साली एस. एन. सरकार यांनी या साऱ्या पट्ट्याची सुसंगत मांडणी केली आणि शेजारच्या डोंगरगडचे नाव तिला दिले.

भूभौतिकी ही याच घरातली दुसरी सून. तिला हातोडी नको. ती जमिनीला न फोडता आतले ओळखते. गुरुत्वाकर्षण कुठे केसभर कमीजास्त आहे, चुंबकाची सुई कुठे बहकते, भूकंपाची लाट कोणत्या थरात लवकर पोहोचते, यावरून ती पोटातले सांगते; आमच्या गावच्या वैदूला नाडीवरून कळते, तसेच. यात मराठी मुलखाचा वाटा जुना आहे. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवीत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा विजेने सुया बिघडतील म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ती कामे अलिबागला हलवली. १९०४ साली तिथली वेधशाळा सुरू झाली आणि दोन वर्षे दोन्हीकडच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या गेल्या. ट्रामगाड्या १९०७ मध्ये धावल्या आणि १९६४ मध्ये बंदही झाल्या. अलिबागच्या नोंदी चालूच आहेत. आणि या विद्येची गरज कोणाला पटत नसेल, तर त्याने ११ डिसेंबर १९६७ चे कोयनानगर किंवा ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आठवावे.

वडिलांना मात्र यातले कुठलेच पटले नाही. त्यांना पटले ते पाणी.

आमच्याकडे पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो. मराठवाड्याने हेवा करावा इतका. तरी उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात. कारण हाच म्हातारा खडक. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. वरचा कुजलेला थर आणि आतल्या भेगा, एवढ्यातच काय ते राहते. म्हणून तर आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. सात बहिणींच्या टेकड्यांमधली नेमकी खिंड धरून पाळ घातली की पाणी अडते, हे त्याला कोणत्या विद्यापीठाने शिकवले होते? पण तलावाचे पाणी कोहळ्यांना डोळ्यांनी दिसत होते. भेगेतले पाणी दिसत नाही. तिथे भूभौतिकी चार लोखंडी खुंट्या जमिनीत रोवते. बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींमध्ये दाब मोजायचा. कोरडा अखंड खडक विजेला अडवतो, ओली भेगाळ जमीन तिला वाट देते. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर न्याव्यात, तसतसे खोलवरचे कळते. अमुक जागी पाणी लागेलच, अशी हमी यातून मिळत नाही. पण नारळ हातात धरून शेतात फिरणाऱ्या माणसाला पैसे मोजण्यापेक्षा हे बरे. वडिलांनी अशा माणसाला दोनदा पैसे मोजले होते आणि दोन्ही बोअर कोरडे गेले होते. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "चार खुट्याच ना जी? आपल्याकडं आहेत खुट्या."

मुलगी नागपूरला गेली.

तिथे पहिल्या सहा महिन्यांत तिने परत यायचे ठरवले होते. कारण दगड नव्हते, इंग्रजी होते. वर्गात प्राध्यापक 'नाइस' म्हणाले, की ही मनात चांगले, छान असा अर्थ लावी. वास्तविक शब्द निराळा, लेखन निराळे. सुट्टीत आली ती वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे. इथे मात्र माझा विषय कामी आला. मराठी विश्वकोशाचे खंड आम्ही काढून बसलो. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला; भूशास्त्रावरच्या कितीतरी नोंदी क. वा. केळकरांच्या आहेत. तिथे नाइसला पट्टिताश्म म्हटले आहे : ज्याच्या अंगावर पट्टे आहेत तो अश्म. शिस्ट म्हणजे सुभाजा : जो सहज भाजतो, म्हणजे दुभंगतो तो. एकेक शब्द फोडला की व्याख्या आपोआप बाहेर पडे. विज्ञानाचे मराठी शब्द बोजड असतात अशी ओरड करणाऱ्यांनी 'सुभाजा' एकदा उच्चारून पाहावा. तिने परीक्षा इंग्रजीतच दिली. पण समजून घेतले मराठीत, आणि घरी सांगितले झाडीबोलीत. त्या घरात आता खडकाच्या भेगेला 'तडा' म्हणतात आणि तो कोणत्या दिशेने जातो यावर वाद होतात.

तिच्यामुळेच मला हिस्लॉपसाहेबाची नवी ओळख झाली. नागपूरच्या कॉलेजावर त्याचे नाव, एवढेच मला ठाऊक. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली मिशनरी म्हणून नागपुरात आला, आणि धर्माइतकाच दगडांत रमला. नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म त्याने जगापुढे मांडले. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये छापले. त्यांत गोंडांच्या लिंगोची गीतकथा आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने तोंडावरची धोंड हलवून सोडवले, अशी ती कथा. आमच्याकडचे गोंड ती गुहा कचारगडची मानतात; सालेकसा तालुक्यात धनेगावजवळ माघी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. दगड फोडणाऱ्या माणसाने दगडाखालच्या माणसांचे गाणे लिहून ठेवले, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे १८७२ मध्ये मेडलिकॉटने इकडच्या कोळशाच्या थरांना 'गोंडवाना' हे नाव दिले. आणि १८८५ मध्ये झ्यूसने एका हरवलेल्या महाखंडालाच ते बहाल केले. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपण, सारे एके काळी एकत्र होतो. मुलगी स्वतः गोंडाची. तिच्या जातीच्या नावाने अंटार्क्टिकेतले खडक ओळखले जातात, हे पुस्तकात वाचले त्या रात्री तिने वसतिगृहातून वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मंग आपल्याले सातबारा काहून नाई भेटला तिकडचा?"

पदवीच्या तिसऱ्या वर्षी खाणीचा प्रश्न निघाला. तुमसरकडच्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आम्हाला जवळच्या. १९५२ च्या खाण कायद्याने बाईला भूमिगत खाणीत काम करण्यास मनाई होती. २०१९ साली सरकारने तांत्रिक व देखरेखीच्या कामांपुरती ती सैल केली. २०२१ मध्ये झारखंडमध्ये आकांक्षा कुमारी ही अभियंता कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत रुजू झाली, तेव्हा त्याची बातमी झाली. आई यावर काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, आत किती खोल असते. मुलीने सांगितले. तेव्हा आईने तांदूळ निवडायला घेतले.

सध्या ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयोगाच्या परीक्षेची पुस्तके तिच्या उशाशी असतात आणि परीक्षेचा भरवसा कोणालाच नाही. गेल्या उन्हाळ्यात विभागाचे यंत्र घेऊन सर आणि पाच विद्यार्थी तिच्या शेतात आले होते. दिवसभर तार ओढली, आकडे लिहिले. निष्कर्ष असा निघाला की, पूर्वीचे दोन्ही बोअर अखंड खडकात गेले होते. बांधीच्या पूर्वेच्या धुऱ्याजवळ ओल असण्याचा संभव आहे. वडिलांनी 'संभव' म्हणजे रुपयात किती आणे, असे विचारले. मुलीने दहा आणे सांगितले. धान निघाले आणि भाव नीट मिळाला, तर माघापूर्वी तिथे खोदायचे असा बेत आहे. नारळवाल्याला या वेळी बोलावलेले नाही.