विश्लेषण : नवी मोटरसायकल घेताय? ब्रोशरआधी टेप हातात घ्या!

दसरा, धनत्रयोदशी किंवा गुढीपाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस दुचाकींच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. तिथली चर्चा बहुधा मायलेज, रंग आणि हप्ता या तिघांभोवती फिरते. गाडी आपल्या अंगाला बसते का, हा प्रश्न मात्र अनेकांना पैसे भरल्यावर, घराजवळच्या पहिल्याच चढावरच्या सिग्नलला पडतो. एक पाय टेकतो, दुसरा हवेत राहतो, मागे डबलसीट बसलेली व्यक्ती जराशी हलते आणि गाडी कलंडते. बूट विकत घेताना माप पाहणारे आपण, लाख-दीड लाखाच्या गाडीला मात्र नुसतेच 'बघून' घेतो.

तुमची उंची नव्हे, पायांची लांबी मोजा

'माझी उंची ५ फूट ४ इंच, मला कोणती बाइक चालेल?' हा प्रश्नच अर्धवट आहे. सारख्याच उंचीच्या दोघांच्या पायांच्या लांबीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो. गाडीला कामाचे माप म्हणजे जमिनीपासून जांघेपर्यंतची लांबी, म्हणजेच इनसीम. ते घरी मोजता येते. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटवर बसल्यासारखे घट्ट वर धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. ५ फूट २ इंच उंचीच्या व्यक्तीत ते साधारण ७२ सेंमी, म्हणजे ७२० मिमी भरते.

आता कंपनी सांगते ती सीटची उंची घ्या. हीरो स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिमीवर आहे. ७२० आणि ७८५ हे आकडे शेजारी ठेवले तर पाय पोहोचणारच नाहीत असे वाटते. पण तुम्ही बसलात की सस्पेन्शन २० ते ३० मिमी दबते, बुटाचा तळवा साधारण २५ मिमीची भर घालतो आणि चवडे टेकले की टाच आणखी पाच-सहा सेंटिमीटर उचललेली राहू शकते. हिशेब जुळतो, दोन्ही चवडे व्यवस्थित टेकतात. हेच गणित ८२५ मिमी सीटच्या हीरो एक्सपल्स २०० किंवा रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५० ला लावा. तिथे जेमतेम बोटांची टोके टेकतील. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि आणखी दोन-तीन सेंटिमीटर वाया जातात.

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे अजिबात नाही. एका बाजूला सरकून डावा पाय पूर्ण टेकवायचा आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवायचा, ही सवय लागली की उंच गाडीही सांभाळता येते. पण नवशिक्या चालकासाठी, पावसाळ्यात आणि खड्डा नेमका डाव्या पायाखाली आला तर काय, याचाही विचार हवा. पहिलीच मोटरसायकल असेल तर दोन्ही चवडे पक्के टेकतील अशीच घ्यावी.

उंचीपेक्षा वजन फसवते

बजाज प्लॅटिनाची सीट ८०७ मिमीवर आहे. रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० ची ८०५ मिमीवर. म्हणजे कागदावर 'गरिबाची गाडी' ही बुलेटच्या भावंडापेक्षा उंच आहे. तरीही बेताच्या उंचीची माणसे प्लॅटिना वर्षानुवर्षे बिनघोर चालवतात, कारण तिचे वजन ११७ किलोच्या आसपास आहे आणि सीट पुढच्या बाजूला अरुंद आहे. क्लासिकचे वजन १९५ किलो. हंटर ३५० ची सीट ७९० मिमी, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा फक्त ५ मिमी उंच. पण वजन १८१ किलो, स्प्लेंडरच्या ११२ किलोच्या दीडपटीहून अधिक.

याचा अर्थ काय, ते ढोबळ गणिताने समजते. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटरवर आहे असे धरू. तुम्ही शेजारी उभे राहून गाडी ढकलत आहात आणि ती २० अंशांनी कलली. १९५ किलोची गाडी सावरायला हातांवर सुमारे ३३ किलोचा भार येतो, ११२ किलोच्या गाडीला १९ किलोचा. पहिल्या दहा अंशांपर्यंत हा भार दोन्हीकडे निम्माच असतो, म्हणून जड गाडी शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हलकी वाटते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधून, उतारावरून ती मागे ओढायची वेळ येते तेव्हा खरे वजन कळते.

कमी उंचीच्या चालकाला सरसकट क्रूझर सुचवण्याची पद्धत आहे. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिमी, मिटिऑर ३५० ची ७६५ मिमी. पाय टेकण्यापुरता सल्ला बरोबर आहे. पण क्रूझरचे फूटपेग पुढे असतात. पाय आखूड असतील तर गिअर आणि ब्रेकपर्यंत ताणावे लागते, आणि वळताना लांबचे हँडल हातातून निसटल्यासारखे होते. शिवाय पाय पुढे टाकून बसल्यावर खड्ड्याचा दणका पायांनी झेलता येत नाही, तो थेट माकडहाडाला जातो. क्रूझर म्हणजे सर्वात आरामदायी हा समज गुळगुळीत महामार्गावर खरा ठरतो, आपल्या शहरांतल्या गल्लीबोळांत फारसा नाही.

आणि सहा फुटी माणसाचे काय?

त्याचा त्रास उलटा. पाय टेकतात, पण गुडघे मावत नाहीत. सीट, हँडल आणि फूटपेग या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो, त्यावर चालकाची बैठक ठरते. सीट आणि फूटपेगमधले अंतर कमी असेल तर गुडघा फार दुमडतो आणि अर्ध्या तासात कळ यायला लागते. तपासायची सोपी रीत अशी : गाडीवर बसून हँडल पूर्ण एका बाजूला वळवा. ते गुडघ्याला किंवा मांडीला लागत असेल तर यू-टर्न घेताना हमखास अडचण होणार.

उंच माणसाला महागडीच गाडी लागते असेही नाही. वर सांगितलेली प्लॅटिना, ८०५ मिमी सीटची एचएफ डिलक्स किंवा २०२४ मध्ये आलेली, ८२५ मिमी सीटची सीएनजीवर चालणारी बजाज फ्रीडम १२५ या गाड्या त्याने आधी पाहाव्यात. पुढे झुकून बसायला लावणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांचा मोह तरुणांना असतो. अशा गाडीवर शरीराचा भार मनगटांवर येतो. रोज तासभर ट्रॅफिकमध्ये क्लच दाबणाऱ्याने ती घेण्याआधी दहादा विचार केलेला बरा.

बजेट म्हणजे एक्स-शोरूम किंमत नव्हे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरील गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर अधिक ३ टक्के उपकर होता, तो आता थेट ४० टक्के झाला. करापूर्वीची किंमत १ लाख धरली तर लहान गाडी १ लाख २८ हजारांवरून १ लाख १८ हजारांवर येते आणि मोठी १ लाख ३१ हजारांवरून १ लाख ४० हजारांवर जाते. ३४९ सीसीच्या गाड्या नेमक्या फायद्याच्या बाजूला राहिल्या.

त्यावर महाराष्ट्रात इंजिनच्या क्षमतेनुसार साधारण १० ते १२ टक्के वाहन कर लागतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून बंधनकारक आहे. जून २०२२ च्या दरांनुसार त्याचा हप्ता ७५ ते १५० सीसीसाठी ३,८५१ रुपये, तर १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये होता. विमा डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. 'हँडलिंग' किंवा 'ॲक्सेसरीज किट' नावाची ओळ कोटेशनमध्ये दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारावे.

सर्वात मोठा खड्डा मात्र कर्जाच्या 'फ्लॅट' व्याजदरात असतो. १ लाखाचे कर्ज, मुदत तीन वर्षे, दर ११ टक्के. घटत्या शिलकीवर व्याज असेल तर मासिक हप्ता सुमारे ३,२७४ रुपये आणि एकूण व्याज १८ हजारांच्या आत. तोच ११ टक्के 'फ्लॅट' असेल तर हप्ता ३,६९४ रुपये आणि व्याज ३३ हजार. म्हणजे खरा दर १९.५ टक्क्यांच्या आसपास. 'महिन्याला फक्त चारशेचा फरक' असे सांगितले जाते तेव्हा हा पंधरा हजारांचा फरक असतो.

रोजचा प्रवास ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी साडेबारा लिटर पेट्रोल पिते, ३५ देणारी साडेएकवीस. पेट्रोल १०४ रुपये धरले तर महिन्याला ९०० रुपयांहून जास्त फरक, पाच वर्षांत पंचावन्न हजारांच्या घरात. महिन्यातून दोनदा लोणावळा किंवा महाबळेश्वर गाठण्यासाठी रोज साडेतीनशे सीसी वागवायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे. हौसेला मोल नसते हे खरे, पण हप्ता असतो.

गाडी बुटकी करून घ्यावी का?

उंच गाडीच आवडली तर आधी सीटवाल्याकडे जावे. फोम वरून कापण्यापेक्षा सीटच्या पुढच्या दोन्ही कडा निमुळत्या केल्या तर पाय सरळ खाली येतात आणि गादीचा मऊपणाही टिकतो. मागचे सस्पेन्शन खाली आणणारे लोअरिंग लिंक बसवणे हा पुढचा उपाय, पण त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. ग्राउंड क्लिअरन्स घटतो, स्पीडब्रेकरला इंजिनचे पोट घासते. शिवाय साइड स्टँड तेवढाच लांब राहिल्याने गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही उलट बाजूला पडू शकते. वॉरंटीचा प्रश्न उरतोच. नव्या गाडीत हे करण्यापेक्षा एखादे बुटके मॉडेल निवडलेले चांगले.

टेस्ट राइडमध्ये काय पाहावे?

शोरूमभोवतीच्या एका फेरीत गाडी पळते एवढेच कळते. रोजचेच बूट घालून जा आणि किमान १५-२० मिनिटांची राइड मागा. चढावर थांबून पुन्हा निघा. उतरून गाडी मागे ढकलून पाहा, साइड स्टँडवरून उचला, डबल स्टँड असेल तर त्यावर चढवा. जी व्यक्ती नेहमी मागे बसणार आहे तिला सोबत न्या. आईला साडी नेसून चढता येते का, पकडायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट कुठे आहे, हे तिच्याकडूनच समजते. मागे बसणाऱ्यासाठी हँडग्रिप, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार असलेच पाहिजे. देखण्या छोट्या टेलच्या गाड्यांत ते नावापुरते असते.

त्याच नियमांत खरेदीच्या वेळी बीआयएस मानकाचे हेल्मेट देण्याची तरतूदही आहे. डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळाच्या गडबडीत ते मागायचे राहून जाते. मिळालेले हेल्मेट डोक्यावर घालून, पट्टा लावून पाहावे आणि सैल वाटले तर तिथेच बदलून मागावे.