मुका झालेला कीबोर्ड

यंत्र अडलें म्हणजे मनुष्याचा पहिला संशय हाताशीं असलेल्या वस्तूवर जातो. संगणकावर लिहितां लिहितां अक्षरें उमटेनाशीं झालीं कीं, कीबोर्ड बिघडला असें ठरवून गृहस्थ दुकानाची वाट धरतो. नवा कीबोर्ड आणतो, आणि कित्येकदां तोहि तसाच मुका राहतो. मग सारी लिनक्स प्रणालीच नव्यानें बसविण्याचा विचार निघतो, आणि त्या घाईंत वर्षानुवर्षांचीं पत्रें, हिशेब व छायाचित्रें पुसलीं जातात. निदानाआधीं केलेला उपचार रोगाहून महाग पडतो तो असा.

कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत चार मुक्काम असतात. पहिला खुद्द कीबोर्ड. कोणती कळ दाबली हें त्यांतील चिमुकली चिप ओळखते व तिचा आंकडा तयार करते. दुसरा वायर आणि यूएसबी पोर्ट; यांतूनच ५ व्होल्टची वीज येते आणि निरोपहि जातो. तिसरा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना तो लिहावयास घेतला. चौथा मुक्काम डेस्कटॉपचा. आंकड्याचें अक्षर होऊन तें खिडकींत उमटतें तें येथें. यूएसबीची पहिली आवृत्ति १९९६ सालीं निघाली. तींत कीबोर्ड, माऊस इत्यादि उपकरणांसाठीं एक सामाईक भाषा ठरलेली असल्यामुळें बहुतेक कीबोर्डांना निराळा ड्रायव्हर लागत नाहीं. म्हणून ड्रायव्हर शोधीत बसण्यापेक्षां निरोप कोणत्या मुक्कामावर अडला हें शोधणें शहाणपणाचें.

सर्वांत आधीं, माऊस चालत असेल तर त्याच्या साह्यानें मेनूमधून उघडें लिखाण जतन करावें. वीज एकदम बंद करूं नये. माऊसहि थिजला असेल तर एकट्या कीबोर्डास दोष देणें योग्य नव्हे. बहुधा सारी यंत्रणाच अडकलेली असते.

नंतर कॅप्स लॉकच्या दिव्याची परीक्षा घ्यावी. हा दिवा यूएसबी कीबोर्ड आपल्या मर्जीनें लावीत नाहीं. कळ दाबल्याची वर्दी संगणकाकडे जाते, आणि तेथून हुकूम परत आल्यावरच दिवा पेटतो. तेव्हां दिवा लागत-विझत असेल तर निरोप कर्नलपर्यंत सुखरूप पोंचत आहे, आणि दोष चौथ्या मुक्कामावर शोधावा. ती कळ एकदां सहज दाबावी व एकदां दोन-तीन सेकंद दाबून धरावी. दाबून धरल्यावरच दिवा बदलत असेल तर ‘स्लो कीज’ नांवाची सोय चालू झाली आहे असें समजावें. ज्यांचे हात कांपतात त्यांच्यासाठीं ही सोय केलेली आहे. परंतु कित्येक डेस्कटॉपांवर शिफ्टची कळ ८ सेकंद दाबून राहिली तरी ती आपोआप सुरू होते. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्यें जाऊन ती माऊसनें बंद केली म्हणजे मुका कीबोर्ड बोलूं लागतो.

दिवा मुळींच हालत नसेल तर मधला हब काढून वायर थेट संगणकाच्या मागील पोर्टांत लावावी. तरीहि फरक न पडल्यास संगणक पुन्हां सुरू करून बायोसच्या पडद्यावर कळा चालतात कीं नाहीं तें पाहावें. तेथें चालून लिनक्स सुरू होतांच थांबत असतील तर कीबोर्ड व वायर हीं बहुधा निर्दोष आहेत. डिस्क कुलुपबंद असून आरंभींच परवलीचा शब्द मागितला जातो अशा संगणकांत, त्या क्षणीं लागणारा यूएसबीचा भाग आरंभींच्या छोट्या गठ्ठ्यांत नसला, तर नेमक्या कुलपापाशींच कीबोर्ड गप्प बसतो. तेथें जुन्या कर्नलनें संगणक सुरू करून पाहावा.

कर्नल आपली रोजनिशीहि ठेवतो. पडद्यावरील कीबोर्ड उघडून किंवा शेजाऱ्याचा कीबोर्ड लावून टर्मिनलमध्यें ‘सूडो’ या शब्दापुढें डी, एम, ई, एस, जी हीं पांच अक्षरें लिहिलीं कीं ती वाचतां येते. संशयित कीबोर्ड काढून पुन्हां लावावा आणि शेवटच्या ओळी पाहाव्या. नवी ओळ एकहि नसेल तर वायर, पोर्ट किंवा कीबोर्ड मेला आहे. उणे ७१ किंवा उणे ११० असे एररचे आंकडे असतील तर संभाषण सुरू होऊन मध्येंच तुटलें. अशा वेळीं सैल वायर, अपुरी वीज किंवा सदोष हब यांवर नजर ठेवावी. कीबोर्डाचें नांव स्वच्छ उमटलें असेल तर कर्नलनें त्यास ओळखलें आहे. कांहीं वेळ स्वस्थ राहिल्यावरच तो मुका होत असेल तर वीज वाचविणाऱ्या एखाद्या साधनानें त्यास झोपविलेलें असतें. त्या उपकरणापुरती ती बचत बंद करावी.

अखेर तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकास लावावा. तेथेंहि तो गप्प राहिला, तरच दुकानाची पायरी चढावी. ही सारी तपासणी अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहसा घेत नाहीं, आणि तींत घरांतील एकहि पत्र वा छायाचित्र पणास लागत नाहीं.