खालून ठेवायची स्टेरॉइडची गोळी : कधी, कशी आणि किती दिवस?

गुडघा धरला, कंबर लचकली, पित्त झाले, ही दुखणी माणूस एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशालाही सांगतो. शौचाच्या जागेचे दुखणे मात्र तो घरच्यांपासूनही लपवितो. स्त्रिया तर वर्ष वर्ष बोलत नाहीत. परिणाम असा होतो की, असा रोगी दवाखान्यात येण्याआधी औषधाच्या दुकानात जातो आणि हळू आवाजात ‘मूळव्याधीचं काहीतरी द्या’ म्हणतो. त्याला कधी मलम मिळते, कधी खालून ठेवायची गोळी. या मलमांत आणि गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, याची घेणाऱ्याला कल्पनाही नसते.

ही गोळी वाईट आहे असे मुळीच नाही. योग्य रोग्याला, योग्य मुदतीपुरती दिली तर ती फार उपयोगी पडते. पण रोग कोणता हे न ओळखता घेतली तर तीच नडते. म्हणून आज या गोळीची साद्यंत माहिती घेऊ.

सगळे रक्त मूळव्याधीचे नसते

मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या आतल्या अस्तराला सूज आली, ते लालभडक होऊन सोलवटले, की त्याला गुदाशयाचा दाह म्हणतात. यात शौचाबरोबर रक्त व आव पडते. सारखी शौचाची भावना होते, जाऊन कुंथत बसावे तर चमचाभर आव आणि रक्ताखेरीज काही पडत नाही. मूळव्याधीत बहुधा शौच झाल्यावर ताजे रक्त थेंब थेंब किंवा धारेने पडते. आव आणि सारखी भावना हे तिचे लक्षण नव्हे. फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराला चीर पडली असता, शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना होते. हे फरक रोग्याने ध्यानात ठेवावेत, पण स्वतःचे निदान स्वतः करू नये, कारण दोन रोग एकत्रही असतात.

दाहाची कारणे अनेक आहेत. आपल्याकडे पहिला विचार करावा लागतो तो जंतूंचा. अमिबा आणि रक्ती आवेचे जिवाणू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. पानशेतच्या जलाशयाभोवतालच्या वाड्यांवर पावसाळ्यात ओढ्याचे, झऱ्याचे गढूळ पाणी न उकळता प्यायले जाते, तेव्हा हे दुखणे घरोघर दिसते. काही गुप्तरोगांमुळेही गुदाशय सुजतो. गर्भाशयाच्या मुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ‘लाइट’ घेतलेल्यांना काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही असा त्रास होतो. क्षयरोगही आतड्यात होतो, हे आपल्या देशात विसरून चालत नाही. आणि शेवटी अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात बाहेरचा जंतू सापडत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच आतड्याच्या अस्तरावर उलटते. हा रोग कधी गुदाशयापुरताच मर्यादित राहतो.

स्टेरॉइड काय करते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर अॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचा रस तयार करतात. त्याच जातीचे औषध म्हणजे स्टेरॉइड. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रोग्याला प्रथम दिले आणि १९५० साली या संशोधनाबद्दल त्यांना दोन सहकारी संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५५ साली ऑक्सफर्डच्या डॉ. ट्रूलव्ह व डॉ. विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये त्याचा गुण पद्धतशीर प्रयोगाने सिद्ध केला.

पोटात घेतलेले स्टेरॉइड सर्व शरीरभर फिरते. मग सूज जिथे आहे तिथेच औषध ठेवले तर? यातून गुदामार्गाने द्यायचे औषध आले. ही कल्पना आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात फलवर्ती आहे, आणि तान्ह्या बाळाला शी होत नसली की तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ लावणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. (तो देठ आता लावू नये, नाजूक त्वचेला इजा होते.) स्टेरॉइडची गोळी शरीराच्या उबेने वितळते आणि औषध गुदाशयाच्या अस्तरावर पसरते. तिचा पल्ला मात्र गुदाशयापुरताच. सूज त्याच्या वर गेली असेल तर फेसाचे औषध किंवा एनिमा लागतो.

हेही सांगितले पाहिजे की, गुदाशयापुरत्या अल्सरेटिव्ह दाहात आज पहिली पसंती मेसालामाईन नावाच्या औषधाच्या गोळीला दिली जाते. तीही खालूनच ठेवायची असते, पण ते स्टेरॉइड नव्हे. त्याने गुण आला नाही किंवा ते सोसले नाही, तर स्टेरॉइडचा विचार होतो.

मेव्हण्याची चिठ्ठी

स्टेरॉइड सूज उतरविते ते शरीराची संरक्षक फौज शांत करून. फौज विनाकारण घरच्यांवर तुटून पडली असेल तर तिला शांत करणे योग्यच. पण दारात खरोखरच शत्रू उभा असताना फौजेला झोपविले तर काय होईल?

धरणापलीकडच्या एका वाडीतले पस्तिशीचे शेतकरी भात लावणीच्या दिवसांत माझ्याकडे आले. दोन महिने रक्त व आव पडत होती. त्यांच्या मेव्हण्याला पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्याला चांगला गुण आला होता. ‘तुझं बी तसंच दिसतंय दाजी,’ म्हणून त्याने आपली जुनी चिठ्ठी दिली. पहिले चार दिवस बरे वाटले. मग रक्त वाढले, ओटीपोटात कळा येऊ लागल्या, ताप भरला. ताजे शौच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात अमिबा वळवळत होते. गोळी बंद केली, अमिबावरच्या औषधांचा पूर्ण कोर्स दिला, आणि ते बरे झाले. आणखी पंधरा दिवस तीच गोळी चालली असती तर निभावले असतेच असे नाही. अमिबाच्या दाहात स्टेरॉइड दिल्यास आतडे सडून त्याला भोक पडण्याचा धोका असतो आणि तो प्रसंग जिवावर बेततो.

मेव्हण्याचे औषध चांगलेच होते, फक्त ते मेव्हण्याचे होते.

गोळीआधी तपासणी

म्हणून स्टेरॉइडआधी किमान एवढे झाले पाहिजे : डॉक्टरांनी बोटाने व प्रॉक्टोस्कोप नावाच्या लहान नळीने गुदाशय पाहणे, ताजे शौच तपासणे आणि रक्तातले हिमोग्लोबिन पाहणे. नळीच्या तपासणीला पाच मिनिटे लागतात. तिची लाज रोग्याला वाटते, डॉक्टरला नाही. आम्हाला ते घसा पाहण्यासारखेच आहे. शौचाचा नमुना घरून सकाळी आणून दुपारी दिला तर अमिबा मरून जातात आणि सापडत नाहीत. शक्य असेल तर प्रयोगशाळेतच द्यावा. गरज वाटल्यास दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवावे लागते. ससूनमध्ये जायचे तर एक दिवस मोडतो खरा, पण तो वाया जात नाही. चाळिशीनंतर प्रथमच रक्त पडू लागले असेल, वजन घटत असेल, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ही तपासणी टाळूच नये.

मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, स्वतःला पूर्वी झालेला किंवा घरात कोणाला असलेला क्षयरोग, गरोदरपण, अंगावर पाजणे, दम्याचा पंप किंवा दुसरे कुठलेही स्टेरॉइड, एचआयव्हीची औषधे, यांपैकी काहीही असले तर डॉक्टरांना आधी सांगावे. गुदद्वाराजवळ गळू किंवा भगंदर असेल, आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर ही गोळी स्वतःहून मुळीच घेऊ नये. लहान मुलांना तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कधीच देऊ नये.

गोळी कशी ठेवावी?

औषध योग्य असूनही पद्धत चुकल्याने गुण न आलेले रोगी मी पुष्कळ पाहतो. कोणी ती तोंडाने गिळतो, कोणी वेष्टनासकट ठेवतो. म्हणून क्रम नीट वाचावा.

आधी शौचास जाऊन यावे. नखे कापलेली असावीत. हात साबणाने धुवावेत. वेष्टन पूर्ण काढावे. गोळीचे टोक साध्या पाण्याने ओले करावे; तेल किंवा व्हॅसलीन लावू नये. डाव्या कुशीवर निजावे, डावा पाय सरळ आणि उजवा गुडघा पोटाशी घ्यावा. अंग सैल सोडून निमुळते टोक पुढे करून गोळी बोटाने हलकेच साधारण एक इंच आत सरकवावी. गुदद्वाराचा घट्ट स्नायू ओलांडून ती आत गेली पाहिजे, नाहीतर लगेच बाहेर येते. मग दहा-पंधरा मिनिटे तसेच पडून राहावे आणि निदान तासभर, जमल्यास दोन-तीन तास, शौचास जाणे टाळावे. हात पुन्हा धुवावेत. थोडे औषध गळून कपड्याला डाग पडतो, म्हणून जुने कापड वापरावे. रात्री निजताना ठेवलेली गोळी सर्वांत चांगली टिकते. दोनदा सांगितली असेल तर दुसरी सकाळी शौच झाल्यावर ठेवावी. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन ठेवू नयेत. ठेवताना तीव्र वेदना झाल्या तर जोर करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ही गोळी मऊ पडते. ती थंड, सावलीच्या जागी ठेवावी. मऊ झाली तर वेष्टन न काढता थंड पाण्यात धरावी. पूर्ण वितळून आकार गेलेली गोळी मात्र टाकून द्यावी.

किती दिवस?

हायड्रोकॉर्टिझोनच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळीचा नेहमीचा कोर्स दिवसातून दोनदा, दोन आठवडे असा असतो. काही रोगांत डॉक्टर तो वाढवितात, पण वाढविण्याचा अधिकार त्यांचा. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर गोळ्या वाढविण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे लागते.

‘खालून घेतलेले औषध अंगात जात नाही’ हा समज चुकीचा आहे. निरोगी माणसातसुद्धा या गोळीतले सुमारे २६ टक्के औषध रक्तात उतरते. सोलवटलेल्या अस्तरातून हे प्रमाण बदलते. त्यामुळे महिनोन् महिने घेतल्यास तोंड सुजणे, साखर व रक्तदाब वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू असे त्रास उद्भवू शकतात. मधुमेहींनी कोर्स चालू असताना साखर तपासत राहावी. दुसरे असे की, बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की अॅड्रिनल ग्रंथी आळसावतात. मग औषध एकाएकी बंद केले तर अंगात त्राण न राहणे, चक्कर, उलट्या असा प्रकार होतो. म्हणून फार दिवस घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. दोन आठवड्यांच्या कोर्सला सहसा ही भीती नसते.

ही औषधे चिठ्ठीवरच विकावीत असा कायदा आहे. त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड मलमेसुद्धा २०१८ साली केंद्र सरकारने चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल ‘एच’मध्ये घातली. जुनी चिठ्ठी ही नव्या दुखण्याची चिठ्ठी नव्हे, हे गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने दोघांनीही लक्षात घ्यावे.

थांबू नका

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच आणि त्याबरोबर ताप किंवा नाडी ९० च्या वर, पोट फुगणे, पोटात असह्य कळ, चक्कर येऊन पडणे, यांपैकी काही झाले तर दुसऱ्या दिवसाची एसटी पाहत बसू नका. रात्र असली तरी गाडी करून रुग्णालय गाठा आणि चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे बरोबर न्या. पाकिटावरचे नाव वाचून डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

ही पुरवणी वाचून झाल्यावर एक काम करा. घरातल्या औषधांच्या डब्यात मूळव्याधीची म्हणून आणलेली मलमे व गोळ्या असतील तर त्यांवरील बारीक अक्षरे वाचा. हायड्रोकॉर्टिझोन, प्रेडनिसोलोन, बेक्लोमेथासोन, असे काही लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते कोणासाठी, कोणत्या रोगावर आणि किती दिवसांसाठी आणले होते, हे सांगता येत नसेल तर ते वापरू नका. आणि रक्त पडतच असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या.