अंतराळातला पाण्याचा ताळेबंद

लहान मुलांना अंतराळवीरांविषयी सांगताना आपण बहुधा रॉकेटपासून सुरुवात करतो आणि हवेत तरंगणाऱ्या माणसांपाशी थांबतो. मुलांना पडलेले प्रश्न निराळे असतात. तिथे आंघोळ कशी करतात, शू कुठे करतात, पाणी संपलं तर काय? मोठी माणसं हे प्रश्न हसून टाळतात आणि खरी गोष्ट नेमकी तिथेच निसटते. अंतराळात राहायचं म्हणजे मुख्यतः पाण्याचा आणि हवेचा काटेकोर हिशेब ठेवायचा. तो समजायला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, पाण्याची टंचाई पाहिलेल्या मुलांइतकी तयारी फार थोड्या मुलांची असेल, असं माझं मत आहे.

आधी तरंगण्याचं कोडं सोडवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. वर गुरुत्वाकर्षण नसतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असते. स्थानक सतत पृथ्वीकडे पडत असतं. पण त्याचा वेग ताशी 28,000 किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे ते जितकं खाली येतं तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखालून वळत जाते. आतली माणसं, ताटं, पाणी, सगळं एकाच वेगानं पडतं, म्हणून तरंगतं. जत्रेतला उंच पाळणा झपकन खाली येताना पोटात क्षणभर जे होतं, ते तिथे महिनोन्महिने चालू राहतं. दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी होते, म्हणजे एका दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. झोपायची वेळ घड्याळानंच ठरवावी लागते.

पडणारं पाणी वाहत नाही. त्याचा गोळा होतो, नाहीतर ते अंगाला चिकटून बसतं; डोळ्यांतले अश्रूसुद्धा गालावरून ओघळत नाहीत. त्यामुळे तांब्या-बादली निरुपयोगी ठरते. अंग ओल्या टॉवेलनं पुसायचं, डोक्याला न धुता पुसून काढता येईल असा शाम्पू लावायचा. संडासात पाण्याऐवजी हवेचा झोत मळ ओढून नेतो. पावाचा चुरा उडून डोळ्यांत किंवा यंत्रात जाऊ नये म्हणून पोळीसारखी टॉर्टिया खातात. झोपायची पिशवी भिंतीला बांधतात आणि तिथे हवा खेळती ठेवतात, कारण श्वासातून बाहेर पडलेली गरम हवा आपोआप वर जात नाही. ती तोंडाभोवतीच साचू शकते. वजन न पेलणारी हाडं झिजतात. व्यायाम केला नाही तर काही हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं कमी होते, म्हणून रोज सुमारे दोन तास यंत्रांवर व्यायाम असतो. कपडे धुतच नाहीत. मळले की ते कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरतात आणि ते यान वातावरणात शिरताना जळून जातं.

कपडे धुण्याची चैन का परवडत नाही, हे पाण्याच्या हिशेबात दिसतं. एका अंतराळवीराला पिणं, खाणं, स्वच्छता मिळून दिवसाला सुमारे पावणेचार लीटर पाणी लागतं. आपल्याकडे जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी 55 लीटरचा आहे. स्थानकावर बहुधा सात जण असतात. त्यांचं वर्षभराचं पाणी धरलं तर ते दहा हजार लीटरच्या एका टँकरात मावेल. शिवाय ते पुन्हा पुन्हा वापरलं जातं. लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून, शुद्ध करून तेच प्यायला दिलं जातं. लघवीतून पाणी काढल्यावर उरणाऱ्या दाट खाऱ्या द्रवातूनही पाणी काढणारं यंत्र आल्यावर, 2023 मध्ये, 98 टक्के पाणी परत मिळू शकतं हे सिद्ध झालं. श्वासासाठीचा ऑक्सिजनही पाण्यातूनच, विजेनं त्याचं विघटन करून, मिळवतात. ते पाणी वेगळं मोजावं लागतं.

आता अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पाहा. पर्जन्यछायेतलं हे गाव 1989 नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात सावरलं. डोंगरउतारावर चर खोदले, पाणी अडवलं, झाडं लावली. पण माझ्या मते खरं वेगळेपण त्यानंतरच्या कामात आहे. गाव पडलेला पाऊस मोजतं आणि पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी राखायचं, मग उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअरला बंदी, उसाला बंदी. साठा दिसत नसला तरी तो मर्यादित आहे हे मान्य करून आखलेला हा कारभार आहे, आणि स्थानकावरही तेच करावं लागतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. स्थानक बंद डब्यासारखं, गावावर मात्र पाऊस पडतो. दोन्ही सारखे कसे? सारखे नाहीतच. गावाचं पाणी ऊन, ढग आणि माती फुकट शुद्ध करतात; वर तेच काम महागडी यंत्रं करतात आणि ती बिघडतातही. पण हा फरक कळला की लघवीचं पाणी पिण्याची किळसही ओसरते. आपल्या विहिरीतलं पाणीही याआधी असंख्य प्राण्यांच्या शरीरातून गेलेलं आहे. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: टँकरची वाट पाहणाऱ्या मुलांना निदान स्वप्न तरी टंचाईविना द्यावं. ही कळकळ खरी आहे. तरीही हंड्याचा हिशेब ठाऊक असलेल्या मुलाजवळ एक ज्ञान आहे, आणि तेच अंतराळवीराला प्रशिक्षणात शिकावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं तर त्याचं स्वप्न आखूड होईल असं मला वाटत नाही. 2025 च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी अंकुरवली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच पारनेरच्या मुलाला मूग ओळखीचाच आहे.

वर्गात फळ्यावर एक गणित घालता येईल. सात माणसांना वर्षाला दहा हजार लीटर पाणी लागतं आणि त्यातलं 2 टक्के वाया जातं, म्हणजे 200 लीटर, एक टिपाड. स्थानकावर ते मालवाहू यान भरून देतं. मंगळावर जाऊन यायला दोन-तीन वर्षं लागतील आणि वाटेत कुणी टिपाड आणून देणार नाही. मग निघताना किती पाणी बरोबर घ्यावं, आणि शुद्ध करणारं यंत्र महिनाभर बंद पडलं तर किती?