दांडियाला दांडी, चला लोणारला!

पितृपक्ष संपतो न संपतो तोच ऑफिसच्या ग्रुपवर तो मेसेज येऊन थडकतो. कुठल्या दिवशी कुठला रंग! मग काय, एचआरच्या मॅडमपासून गेटवरच्या काकांपर्यंत सगळे नऊ दिवस मॅचिंग. लंच टाइमला ग्रुप फोटो आणि संध्याकाळी दांडियाच्या पासची जुळवाजुळव. पास महाग, पार्किंगच्या नावाने बोंब आणि मैदानात इतकी गर्दी की दांडिया आपल्या पार्टनरपेक्षा शेजारच्यालाच जास्त लागतात. दरवर्षी तोच सीन. म्हणूनच एका नवरात्रात आमच्या चौघांच्या गँगने दांडियाला चक्क दांडी मारली आणि बॅगा उचलून लोणार गाठलं.

‘लोणार? ते भूगोलाच्या पुस्तकातलं?’ असं आमच्या अकाउंट्सवाल्या मित्राने विचारलं होतं. हो बॉस, तेच! उल्का पडून झालेलं, बेसाल्ट खडकातलं ते जगप्रसिद्ध विवर. पण शाळेत कुणी सांगत नाही ते हे की, या विवराच्या तळाशी, खाऱ्या पाण्याच्या अगदी काठावर एक देवी आहे. तिचं नाव कमळजा. नवरात्रात तिची यात्रा भरते. एरवी जिथे माकडं, मोर आणि चार-दोन टुरिस्ट दिसतात, तिथे त्या नऊ दिवसांत आसपासच्या गावांतली माणसं ओटीचं सामान घेऊन उतरत असतात. डीजे नाही, एंट्री पास नाही, सेलिब्रिटी गेस्ट तर नाहीच नाही. आणि तरीही फुल टू उत्सव!

जायचं कसं?

मुंबई-पुण्याच्या मंडळींना वाटतं बुलढाणा म्हणजे जगाचं दुसरं टोक. तसं आता राहिलेलं नाही. मुंबईकरांनी रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडावी, पहाटे जालन्याला उतरावं. तिथून मंठ्यामार्गे लोणार साधारण ९० किलोमीटर. एसटी आहे, पण चौघं असाल तर गाडी ठरवणं सोयीचं. स्वतःची कार असेल तर समृद्धी महामार्ग आहेच. २०२५ च्या जूनपासून तो मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झालाय. मेहकरला उतरलात की लोणार तासाभराच्या आत. बाइकवाल्यांनी मात्र उगाच हिरोगिरी करू नये, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. आणि कारवाल्यांनो, तो रस्ता इतका सरळ आहे की डोळा लागतो. दर दोन तासांनी थांबा, चहा मारा.

राहायला विवराच्या कडेला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, गावात साधे लॉज आहेत. नवरात्रात खोल्या आधी बुक केल्याशिवाय निघू नका. ‘जाऊन बघू’ हा फंडा इथे चालत नाही.

उतरणं सोपं, चढणं...

आता मेन इव्हेंट. विवराचा व्यास सुमारे पावणेदोन किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या घरात. म्हणजे चाळीसेक मजल्यांची बिल्डिंग जमिनीत उलटी पुरली आहे असं समजा. कडेवर उभं राहून पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा आमच्यातली सगळ्यात बडबडी मैत्रीणही दोन मिनिटं गप्प होती, हा एक रेकॉर्डच! पावसाळा नुकताच सरलेला असतो, त्यामुळे उतारावरचं जंगल गच्च हिरवं असतं. सागाची मोठाली पानं, मध्येच सीताफळाची झाडं आणि तळाशी शेवाळामुळे हिरवट दिसणारं गोल तळं. त्या दिवशी ऑफिसात कुठला रंग होता ते आठवत नाही, आमचा मात्र ग्रीन डे होता.

सकाळी सातच्या आत उतरायला लागा. ही टीप मी स्वतःच्या अनुभवावरून देतेय. आम्ही ‘आरामात जाऊ’ म्हणत नाश्ता-बिश्ता करून साडेदहाला उतरलो, चौघांत मिळून एक लिटरची एकच बाटली. ऑक्टोबरचं ऊन आणि विवरात वारा नाही! चढताना एका दगडावर बसून मी जिममध्ये आजवर भरलेल्या सगळ्या फीचा हिशोब केला. शेजारून डोक्यावर टोपली घेतलेली, साठीची एक बाई अनवाणी चढून गेली. थांबून एवढंच म्हणाली, ‘पानी नाई आणलं का व माय सोबत?’ आणि आपला तांब्या पुढे केला. त्या पाण्याची चव कुठल्याही मॉकटेलला येणार नाही.

तेव्हा माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी आणि पायात ग्रिप असलेले बूट. स्टायलिश चपला वर गाडीतच ठेवा. तळ्याचं पाणी प्यायचा विचारही नको. ते नुसतं खारट नाही, तर जबरदस्त अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास. बोटं बुडवली तर साबणासारखी बुळबुळीत लागतात. गंमत म्हणजे अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारचा उल्लेख येतो तो इथल्या क्षारांचा आणि साबणासाठी होणाऱ्या त्यांच्या उपयोगाचा. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, म्हणून पुस्तकात ‘शोध लावला’ असं लिहितात. गावकऱ्यांना विचाराल तर ते लवणासुराची गोष्ट सांगतील. विष्णूने त्या राक्षसाला इथे मारलं आणि हा खड्डा पडला. उल्केचं म्हणाल तर १९७० च्या दशकात इथल्या खडकांच्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि ज्वालामुखीची थिअरी मागे पडली. वयाबद्दल बरीच वर्षं ५० हजारांचा आकडा सांगितला जायचा, नव्या मोजणीत तो साडेपाच लाखांच्या पुढे गेला. वय लपवावं तर असं!

कमळजेच्या दारात

देऊळ जुनं, दगडी, बुटकं. आत शेंदूर लावलेली, मोठ्या डोळ्यांची देवी. रांग असते, पण ढकलाढकली कमी. बायका खण-नारळाने ओटी भरतात, पोरं रेवड्या चघळत असतात, कुणीतरी नवसाचं काहीतरी घेऊन आलेलं असतं. आमच्यातली एक जण कट्टर नास्तिक. ती बाहेर दगडावर बसून सगळं बघत होती. परतताना म्हणाली, ‘मी देवीला नाही भेटले, पण माणसांना भेटले.’ चालतंय की!

देवळाच्या समोरच सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट असं सांगतात. सासू कुठली आणि सून कुठली यावर आमच्यात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. ही विहीर मात्र नेहमी दिसेलच असं नाही. तळं आटलं की ती उघडी पडते, भरलं की गडप होते.

इथेच एक सीरियस गोष्ट, कारण ती तुमच्या प्लॅनवर थेट परिणाम करणारी आहे. २०२० च्या जूनमध्ये हे तळं अचानक गुलाबी झालं होतं, आठवतंय? लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी ते फोटो फॉरवर्ड केले होते. पाणी कमी होऊन क्षार वाढले आणि खारटपणात रमणारे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत स्थान मिळालं. नंतर गाडी बरोबर उलट्या दिशेला गेली. अलीकडच्या वर्षांत पाणी वाढत वाढत थेट कमळजेच्या देवळाला भिडलं. म्हणजे ज्या काठावर यात्रा भरते, तो काठच पाण्याखाली जायची वेळ! आणि धोका नुसता देवळाला नाही. या तळ्यातून बाहेर जायला पाण्याला वाटच नाही. आत येईल ते आतच राहतं. गोडं पाणी जास्त आलं की खारटपणा पातळ होतो आणि जे सूक्ष्मजीव या तळ्याची खरी ओळख आहेत, त्यांचं घरच बिघडतं. बशीतल्या चहात तांब्याभर पाणी ओतल्यासारखं!

म्हणून दोन गोष्टी. एक, निघायच्या आधी रिसॉर्टला किंवा वनखात्याच्या चौकीवर फोन करून खालची वाट आणि देऊळ सुरू आहे का ते विचारा. लोणार २००० पासून अभयारण्य आहे, वेळेचे नियम असतात. दर्शन काठावरून किंवा वरून घ्यावं लागलं तर गार्डशी हुज्जत घालू नका. दुसरं, निर्माल्य, नारळाची शेंडी, कापूर, प्लॅस्टिकची ओटीची पिशवी यातलं काहीही पाण्यात नको. ओटीवाल्या मावशीकडून कागदात बांधून घ्या, त्या देतात. आम्ही मागितलं तर मावशी खूश होऊन म्हणाल्या, ‘असं बोलनारं पोरगं पयल्यांदा पाह्यलं बाप्पा!’ आणि वर मूठभर फुटाणे फ्री.

माकडांना मात्र फुटाणे दाखवू नका. आमच्या मित्राने दाखवले. पुढचा किस्सा तो सांगू देत नाही.

पोटोबा

उपवास करणाऱ्यांची चैन आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, तळलेले बटाटे, हे साध्या हॉटेलांतही मिळतं. आमच्यातल्या दोघांना उपवास नव्हता, तरी त्यांनी भगर दोनदा मागवली. कॅफेत ‘मिलेट बोल’ म्हणून जे तीनशे रुपयांना मिळतं, त्याचीच ही गावाकडची मोठी बहीण.

उपवास नसेल तर सकाळी तर्री घातलेले पोहे. ही तर्री पुण्याची नव्हे, विदर्भाची आहे, तेव्हा आधी ‘थोडीच टाका’ म्हणा आणि मग हिंमत वाढवा. सोबत आलुबोंडा. दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. पातोडीचा रस्सा मिळाला तर सोडू नका. बेसनाच्या वड्या आणि झणझणीत पातळ रस्सा, नाकातून पाणी आलंच पाहिजे. आणि एखाद्या ओळखीच्या घरी रोडगे-वांग्याच्या भाजीचं आमंत्रण आलं तर बाकी सगळे प्लॅन कॅन्सल. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाडजूड रोडगे, त्यावर तुपाची धार. खाल्ल्यावर ड्रायव्हिंग करू नये, इतकी झोप येते.

फळांत सीताफळ! याच दिवसांत ती रस्त्याकडेला टोपल्यांनी येतात. आजच खायची असतील तर डोळे उघडलेली, मऊ घ्या. घरी न्यायची तर कडक.

पिण्याचं काय? चहा, ताक, उसाचा रस. ज्यांना अजून काही हवं त्यांनी ते शहरातच ठेवावं. नऊ दिवस यात्रेच्या गावात तोंडाला वास घेऊन फिरणं बरं दिसत नाही, आणि त्या चढणीवर तर डिहायड्रेशनची गॅरंटी.

संध्याकाळी एखाद्या गल्लीत मुलींचा घोळका गाणी म्हणताना दिसला तर थांबा. ती भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भ-खानदेशात घरोघरी चालते. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. आम्हाला पण चान्स मिळाला. डबा हलवून बघितला, वास घेतला, सात पदार्थ सांगितले, सातही चुकले. निघाली मुरमुऱ्याची चिक्की. हरणाऱ्यालाही खायला मिळतं, हा या खेळाचा बेस्ट नियम.

वेळ उरला तर

गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका. खाली यात्रेची गर्दी असताना हे बरंच निवांत असतं. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायला तासभर ठेवा, सकाळचं तिरपं ऊन असेल तर फोटो क्लास येतात. मोठा मारुती बघा. इथला हनुमान आडवा, झोपलेला आहे. त्याचा दगड उल्केचा आणि चुंबकीय असल्याचं गावकरी सांगतात. आमच्या मित्राने मोबाइलमधला कंपास काढला, सुई गरगरली. पण त्याचा मोबाइल तसाही गंडलेलाच होता. गोमुखाची धार विवराच्या कडेवर आहे, चढून आल्यावर तिथे तोंडावर पाणी मारा. स्वर्ग!

परतताना जालन्याकडे जाणार असाल तर थोडी वाकडी वाट करा. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे, जिजाऊंचा जन्म इथलाच. पुढे देऊळगाव राजाला आश्विनात बालाजीचा मोठा उत्सव असतो, त्यातला लाकडी लाठ्यांचा मंडप बघण्यासारखा. मेहकरच्या बाजूने निघालात तर तिथल्या बालाजीची काळ्या दगडातली भलीमोठी मूर्ती बघा, १८८८ मध्ये सापडलेली. आणि कचोरीसाठी शेगावला वळायचंच असेल तर एक दिवस जास्तीचा काढा. आम्ही नाही काढला. सोमवारी साडेनऊची मीटिंग होती.

मीटिंगला पोचलो. सगळे लाल रंगात आणि आम्ही चौघं कालच्याच मळक्या टी-शर्टांत. बॉसने वर-खाली बघून विचारलं, ‘हा कुठला रंग?’ मित्राने बॅगेतून एक पिकलेलं सीताफळ काढून टेबलावर ठेवलं. प्रवासात ते फुटलं होतं. प्रेझेंटेशनच्या प्रिंटआउटवर त्याचा डाग अजून आहे.